लेबररूमबाहेरचं बाकडं

प्रियदर्शनीनं ती गोष्ट जेवणाआधी काढायला नको होती. सासऱ्याच्या, धोंडिरामच्या घरात वाद घालायचा तो हात धुतल्यावर, ही रीत लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या अंगवळणी पडली नव्हती. बुद्धवंदना झाली होती, ओटी भरून झाली होती, बाबासाहेबांच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या अजून तेवत होत्या. पानं मांडलेली होती. आणि हिरव्या साडीतली ही सांगलीची डॉक्टरीण पाटावर टेकता टेकता सासूला म्हणाली, "आई, या खेपेला मी सांगलीला बाळंत होणार नाही. इथं होणार. वडूजला, या घरात. आणि बाळंतपण तुम्ही करायचं."

नीलिमाच्या हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं. ते तिनं आदळलं नाही. ती ओळीनं प्रत्येकाच्या पानात पोळी घालत गेली, मागं फिरून तूप वाढलं, आणि सुनेच्या पानापाशी आल्यावर एवढंच बोलली, "जेव आधी."

तिला ओळखणाऱ्यांना यातच उत्तर मिळालं. नीलिमा म्हणजे आख्ख्या खटाव तालुक्याची सिस्टर. तिची पांढरी साडी वस्तीच्या वळणावर दिसली की पोरं गोठ्यात लपायची आणि गरोदर बायका उगीचच डोक्यावरची घागर खाली ठेवायच्या. पुढच्या साली ती रिटायर होणार होती. सगळी नोकरी तिनं एकाच वाक्यावर काढली होती, 'घरात न्हाई, दवाखान्यात.' हे वाक्य तिनं सरपंचांना सुनावलं होतं, बुवांना सुनावलं होतं, कोयता घेऊन दारात आडवा झालेल्या एका नवऱ्यालाही सुनावलं होतं. त्या नवऱ्यानं कोयता ठेवून बैलगाडी जुंपली होती. आणि आता तिचीच सून, तीही बायकांची डॉक्टर, म्हणत होती की घरात.

सगळ्यात आधी खूश झाला तो धोंडिराम. एसटीतनं रिटायर होऊन त्यानं जुनी ट्रॅक्स जीप घेतली होती आणि ती कुणाच्या तरी कामाला यावी एवढीच त्याची इच्छा होती. त्यानं लगेच जाहीर केलं की शेवटच्या महिन्यात गाडी दारातनं हलणार नाही, डिझेल भरून ठेवली जाईल. वर त्यानं आपली ठेवणीतली गोष्ट सांगितली. वडूज-सातारा गाडीत पुसेगावच्या अलीकडं एक बाई बाळंत झाली होती, कंडक्टरनं टॉवेल दिला होता आणि बाई पोराला घेऊन स्टँडवर चालत उतरली होती. म्हणजे बाळंतपण काय, निसर्गाचं काम आहे.

"ती वाचली म्हणून तुमी सांगताय," नीलिमा म्हणाली. "न वाचलेल्या बाईची गोष्ट कुठलाच डायवर सांगत न्हाई."

धोंडिरामनं आमटीचा भुरका मारला आणि तो विषय तेवढ्यापुरता सोडला.

पंगतीत एक पाहुणी होती, डॉक्टर विनोदिनी. सांगलीतल्या ज्या दवाखान्यात प्रियदर्शनी काम करत होती तो दवाखाना त्यांचा. माहेर वाईचं, कृष्णेच्या घाटाजवळ. आपल्या हाताखालच्या मुलीचं डोहाळजेवण म्हणून त्या प्रियदर्शनीला आणि तिच्या नवऱ्याला, कपिलला, आपल्याच गाडीत घालून आल्या होत्या आणि येताना वाटेत त्यांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना राग आला होता. पण पानात हुलग्याचे शेंगोळे होते आणि ते फार चांगले झाले होते, म्हणून त्यांनी ते पुन्हा मागून घेतले. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या मुक्ताबाईनं, म्हणजे धोंडिरामच्या आईनं, ते बारकाईनं पाहिलं. वाईची बामनीण आपल्या घरात दुसऱ्यांदा मागून जेवते ही गोष्ट ऐंशीच्या घरातल्या या म्हातारीनं मनात नीट ठेवून दिली.

हात धुऊन झाले, आणि मग रीतसर सुरुवात झाली.

पुढच्या खोलीत पंख्याखाली सगळे बसले. प्रियदर्शनी लोडाला टेकली आणि एखाद्या परिषदेत बोलावं तशी बोलायला लागली. दुसरी खेप आहे. पहिली, मितूच्या वेळची, सरळ झाली होती. बाळाचं डोकं खाली आहे, वजन बेताचं आहे, रक्त भरपूर आहे, प्रेशर उत्तम आहे. आतली खोली हवेशीर आहे, ती चुन्यानं पांढरी करून घेता येईल. हत्यारं, इंजेक्शनं, सलाईन ती स्वतः आणून ठेवेल. दारात गाडी. कपिलचा आणि तिचा रक्तगट एक. आणि बाळंतपण करायला अशी बाई, जिच्या हातावर अर्धा तालुका जन्मला. हॉलंडमध्ये कितीतरी बायका अशाच ठरवून घरी बाळंत होतात आणि तिथं कुणी त्यांना वेडं म्हणत नाही.

"हॉलंडला पुसेगावचा रस्ता नाही," विनोदिनी म्हणाल्या.

"आणि आपल्याकडं भूल देणारे डॉक्टर मिरजेहून येतात, मॅडम. रात्री त्यांनी फोन उचलेपर्यंत मी किती वेळा घामाघूम झालेय ते तुम्हाला माहीत आहे. दवाखाना म्हणजे सगळं हाताशी असतं, असं आपणच लोकांना सांगतो."

हे खरं होतं आणि विनोदिनींना ते खरं आहे हे आवडलं नाही. त्यांनी आधार शोधायला नीलिमाकडं पाहिलं. आजवर त्या दोघी तीन-चारदा भेटल्या असतील, मॅडम आणि सिस्टर यापलीकडं बोलणं गेलं नव्हतं. आज मात्र त्या एकाच सतरंजीवर एका बाजूला सरकल्या. "सिस्टर, तुम्ही सांगा हिला. तुम्ही जास्त पाहिलंय."

नीलिमानं सुपारी कातरायचं थांबवलं. ती सहसा या गोष्टी घरात बोलत नसे. तिनं एका वस्तीवरच्या बाईचं सांगितलं. तिचंही दुसरंच बाळंतपण होतं. नवऱ्याच्या भावाचा टेम्पो दारातच उभा होता आणि नीलिमा वेळेवर पोचली होती. बाळ रडलं, वार पडली, सगळ्यांनी चहा घेतला. मग रक्त सुरू झालं. इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं, टेम्पोत घातलं. साताऱ्याच्या वाटेवर नीलिमा तिच्या पोटावर मूठ दाबून गुडघ्यावर बसली होती आणि बाई तिला विचारत होती की पोराला पाजू का.

"गाडी होती, मी होते, इंजेक्शन होतं," नीलिमा म्हणाली. "आन कोरेगावच्या पुढं बाई न्हाई राहिली. तू म्हणतीस तसलंच समदं होतं, पोरी. काय कमी नव्हतं. रक्ताची बाटली तेवढी नव्हती."

प्रियदर्शनीनं खाली पाहिलं. ती म्हणाली की हे तिला ठाऊक आहे, हेच ती रोज बायकांना समजावते, आणि तरीही ती हे मागते आहे.

कपिलला आपली जागा अवघड झाल्याचं कळत होतं. तो सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं तथ्य असतं हे त्याचं पोटापाण्याचं वाक्य होतं. सांगलीत बायकोनं हे सांगितलं तेव्हा त्यानं हो म्हटलं होतं. एक तर तिच्या पोटात मूल होतं, आणि दुसरं म्हणजे ती डॉक्टर होती, तो नव्हता. आता आईचं ऐकून त्याला तो होकार मागं घ्यावासा वाटत होता. बायको त्याच्याकडं पाहत होती. आई पाहत नव्हती, तिला गरजच नव्हती.

त्याला आणखी एक गोष्ट खुपत होती. प्रियदर्शनी भाबडी बाई नव्हती. लोणंदच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आईविना वाढलेली, बापानं भरून दिलेल्या डब्यावर आणि स्वतःच्या हिशेबावर डॉक्टर झालेली मुलगी. जिथं धोका आहे तिथं ती आधी मागचं दार कुठं आहे ते बघायची. ती नुसत्या हौसेपायी असलं काही मागणार नाही.

"प्रिया," तो म्हणाला, "वजन, प्रेशर, हॉलंड, सगळं ऐकलं. आता खरं कारण सांग."

"खरंच सांगितलं."

"न्हाई सांगितलंस."

त्याच्या तोंडून 'न्हाई' निघालं की तो मनापासून बोलतोय हे तिला माहीत होतं. तिनं पदराच्या टोकाची घडी घातली, उलगडली. मग ती बोलली, आणि आता तिचा आवाज परिषदेतला नव्हता.

मितूच्या वेळी तिला सकाळीच लेबररूममध्ये नेलं होतं. तिच्याच कामाची जागा, तिचेच लोक. दारावर तिच्याच देखत लावलेली पाटी, 'नातेवाइकांनी आत येऊ नये.' वडूजहून सासू पहिल्या गाडीनं आली होती आणि दाराबाहेरच्या हिरव्या बाकड्यावर बसली होती. कळा वाढल्यावर प्रियदर्शनीनं आतल्या सिस्टरला म्हटलं की माझ्या आईंना आत घ्या, त्या नर्स आहेत. सिस्टर विचारायला बाहेर गेली. दार लोटलेलं होतं, आतून कडी नव्हती.

"आणि तुम्ही बाहेरून म्हणालात, आई. मला स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, 'नियम म्हणजे नियम. तिला सांगा, मी बसलेय इथंच.'" तिनं पदराचं टोक सोडून दिलं. "माझी आई असती तर ती आली असती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिनं पाटी वाचलीच नसती. या घराला पाटी नाही. इथं तुम्हाला बाहेर बसता येणार नाही. म्हणून मला इथं बाळंत व्हायचंय. दुसरं काही नाही."

नीलिमाला ते बाकडं आठवलं. हिरव्या रेक्झिनचं, एका कोपऱ्याला फाटून आतला काथ्या दिसत होता. त्या दिवशी तिला मोठा अभिमान वाटला होता. आपल्या सुनेचा दवाखाना कसा शिस्तीचा, मोठ्या डॉक्टरीणबाईची सासू असूनही नियम सगळ्यांना सारखा. उभ्या जन्मात तिनं किती सासवा दंडाला धरून बाहेर काढल्या होत्या. त्या किती आरडायच्या, शिव्या द्यायच्या. आपण त्यांच्यातल्या नाही, आपल्याला कळतं, हे तिला त्या बाकड्यावर बसून स्वतःला आणि आतल्यांनाही दाखवायचं होतं. आत जी पडली होती तिला आपण हव्या आहोत, ही एवढी साधी गोष्ट तिच्या टोपीखालच्या डोक्यात शिरली नव्हती. आणि पोरीनं ती चार वर्षं पोटात ठेवली होती.

"मला वाटलं," नीलिमा म्हणाली, "तुला शिस्तीची सासू आवडंल."

कपिलला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. प्रियदर्शनीला मात्र रडू आलं आणि तिनं ते दाबलं नाही.

विनोदिनींना आता बोलायला जागा मिळाली. त्या मनानं मोठ्या होत्या आणि प्रश्न सुटलेला दिसला की तो लगेच बंद करून टाकायची त्यांना सवय होती. त्या म्हणाल्या की एवढंच होतं तर मला आधी सांगायचं. बाळंतपण सांगलीला होईल आणि सिस्टर आत राहतील. "तुमच्यासाठी मी नियम बाजूला ठेवते. तुम्ही काय बाहेरच्या आहात का? एवढी सवलत देता येईल मला माझ्या दवाखान्यात."

धोंडिरामनं मांडीवर थाप मारली. त्याच्या मते मिटलं होतं. जीपचं काम गेलं याचं थोडं वाईट वाटलं, पण सगळ्यांना सांगलीपर्यंत न्यायला तरी ती लागणारच.

तेवढ्यात कोपऱ्यातनं मुक्ताबाई म्हणाली, "मला बी सवलतच हुती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. म्हातारीला कमी ऐकू येतं असा घरात समज होता. तो तिनंच पसरवला होता.

मुक्ताबाई जुन्या काळची सुईण. छप्पन सालापर्यंत गावात वरच्या आळीला कुठल्या घरात कोण कोणत्या खोलीत जन्मलं हे तिला तोंडपाठ होतं. नातसुनेनं घरात बाळंत व्हायचं काढलं तेव्हापासून सगळ्यांना वाटत होतं की म्हातारी हरखली असेल, तिच्या हातचं काम पुन्हा घरात येतंय. म्हातारीनं तसं एका शब्दानं म्हटलं नव्हतं.

"पाटलाच्या वाड्यात मला शिवायचं न्हाई. पाण्याला न्हाई, भिंतीला न्हाई, माणसाला तर न्हाईच," ती म्हणाली. "पर सूनबाई अडली की सवलत. मागच्या दारानं आत घ्यायची. कळा चालू असस्तवर मुक्ताबाय, मुक्ताबाय. हात धरायची माझा, गळ्यात पडायची. प्वार रडलं की मला परड्यातनं वाटंला लावायची आन मी बसल्याली जागा शेणानं सारवून घ्यायची. दीक्षा घेऊन आले तवा मी सांगिटलं, आता मला बोलवायचं तर पुढच्या दारानं बोलवा. तशी मी येते." तिनं मिश्रीची डबी बंद केली. "कुनी बोलावलं न्हाई. सवलत म्हंजे काय, ते मला नगा शिकवू."

विनोदिनींचा चेहरा लाल झाला. ही काही तशी गोष्ट नव्हे असं त्यांना म्हणायचं होतं, आणि ती तशी नव्हतीच. पण समोरची म्हातारी भांडत नव्हती, सांगत होती.

नीलिमा मात्र सुपारीचं तबक बाजूला सारून सरळ बसली. कोयतेवाल्यापुढं ती अशीच बसली असेल.

"मॅडम, घरात बाळंतपण मी करणार न्हाई. सुनेचं न्हाई, कुणाचंच न्हाई. ते झालं. मी केलं तर उद्या समद्या वस्त्यांवर म्हणतील, सिस्टरची डॉक्टरीण सून घरात बाळंत झाली, आमाला कशाला ओढतीस दवाखान्यात? माझी सगळी नोकरी पाण्यात जाईल, आन बाया मरतील. पर तुमची सवलत बी मला नको. आत जायचं तर समद्यांच्या आया जातील. न्हाईतर मी बाहेरच बसते. मागल्यासारखी."

"आई," प्रियदर्शनी म्हणाली. तिला हे अपेक्षित नव्हतं. मघा सासूला कळलं, आता ती आपल्याकडं येणार, असं तिला वाटलं होतं. आणि सासू तर पुन्हा त्याच बाकड्याकडं निघाली होती.

विनोदिनींनी मग मालकीण म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून वाद घातला, आणि चांगला घातला. एका बाईला आत घेतलं की मागनं चौघी शिरतात. पायातली धूळ, तोंडातली मिश्री, पिशवीतला अंगारा. एका सासूनं तर बाळ लवकर यावं म्हणून सुनेच्या पोटावर गुडघा टेकवला होता. तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. पाटी त्यानंतर लागली, उगीच नाही.

"खरं हाय," नीलिमा म्हणाली. "मी बी हाकलल्यात. एकीनं नाळेला लावायला चुलीतली राख आणली हुती पुडीत बांधून. म्हणून तर म्हणते, एकच बाई. कोण, ते बाळंतीण सांगंल, सासू न्हाई सांगणार. चपला बाहेर, कोपरापतूर हात धुवायचे, तुमचा गाऊन घालायचा. उशापाशी बसायचं, पायाकडं यायचं न्हाई. पोटाला हात लावला की बाहेर. ऑपरेशन निघालं की बाहेर. एवढं सांगितल्यावर बी गोंधळ घातला तर मला बोलवा, मी येते हाकलायला."

"तिला हाकलाया लय ग्वाड वाटतं," मुक्ताबाई म्हणाली.

या सगळ्यात एक खोच होती आणि ती कपिलनं काढली. त्यानं बायकोला विचारलं की मितूच्या जन्मानंतर तूही त्याच लेबररूममध्ये काम करतेस, तू कुणाची आई आत घेतलीस? त्याला तिला घालून पाडून बोलायचं नव्हतं.

प्रियदर्शनीनं प्रश्न टाळला नाही. मागच्याच आठवड्यात आटपाडीकडची एक मुलगी आली होती. कोवळी, पहिलटकरीण. दार लावताना तिनं आईचा पदर धरला होता आणि प्रियदर्शनीनं स्वतः तो तिच्या मुठीतनं सोडवला होता. पाटीकडं बोट केलं होतं. मुलगी काही बोलली नाही. डॉक्टरपुढं काय बोलणार?

"मला वाटत होतं माझं दुःख वेगळं आहे," ती म्हणाली. डोळे पुसून ती विनोदिनींकडं वळली. आता तिच्या आवाजात मघाचं भाषणही नव्हतं आणि रडूही नव्हतं. "मॅडम, मी वडूजचा हट्ट सोडते. आई बरोबर आहेत, रक्त दवाखान्यातच मिळतं. पण ते दार माझी वेळ यायच्या आधी उघडा. माझ्यासाठी नको. माझ्या आधी जेवढ्या येतील त्यांच्यासाठी उघडा. मग मी येईन तेव्हा ती सवलत नसेल, तो नियमच असेल. आणि मग आमच्या सिस्टर तो पाळतील. त्यांना नियम फार आवडतात."

आपल्या घरात, आपल्या दवाखान्यात विनोदिनी शेवटचा शब्द बोलत आल्या होत्या, आणि इथं तीन पिढ्यांच्या तीन बाया त्यांच्याकडून तो मागत होत्या. त्यांना शौनकचा, त्यांच्या मुलाचा जन्म आठवला. पुण्याचं मोठं हॉस्पिटल. त्या तेव्हा तिथंच शिकत होत्या. दारावर पाटी तिथंही होती. पण सरांनी वाईहून आलेल्या त्यांच्या आईला हाताला धरून आत आणलं होतं, डॉक्टरची आई म्हणून. आईनं सबंध वेळ कपाळावर हात ठेवला होता. तो हात त्यांनी मनात जपला होता, पण त्याला सवलत म्हणतात हे आजपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आणि पुढं स्वतःच्या दवाखान्यात ती गुडघ्याची गोष्ट घडल्यावर त्यांना आठवली होती ती पाटी तेवढी.

"सोमवारपासून," त्या म्हणाल्या. "एकच बाई. गाऊन शिवून घ्यावे लागतील. आणि नीलिमाताई, पहिला गोंधळ झाला की मी खरंच फोन करणार आहे."

एरवी सिस्टर म्हणणाऱ्या विनोदिनी आज नीलिमाताई म्हणाल्या, हे धोंडिराम सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं. धोंडिराम गाडीच्या चाकांतली हवा बघायला उठला होता.

फोन दोनदा आला. एकदा आत कुणी जायचं यावरून सासू आणि आई यांच्यात बाहेर झोंबाझोंबी झाली म्हणून, आणि एकदा एका म्हातारीनं लेकीच्या उशापाशी बसून इतक्या मोठ्यानं ओव्या म्हटल्या की शेजारच्या खोलीतल्या बायका ऐकायला आल्या म्हणून. नीलिमानं पहिलीबद्दल सल्ला दिला आणि दुसरीबद्दल दवाखान्याला धीर धरायला सांगितलं.

मे महिन्याच्या शेवटी, भर दुपारी, नीलिमा सांगलीला त्याच हिरव्या बाकड्यावर बसली होती. कोपऱ्याचं रेक्झिन आणखी फाटलं होतं. शेजारी मुक्ताबाई होती. एवढा प्रवास झेपणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं म्हणूनच ती आली होती. कपिल जिन्यापाशी येरझाऱ्या घालत होता आणि धोंडिराम खाली, जीपला कुणी गाडी आडवी घातलीय का ते पाहत होता. दारावरच्या पाटीच्या जागी भिंतीचा एक फिकट चौकोन उरला होता.

मघाशी शेजारच्या टेबलावरच्या बाईची आई बाहेर आली होती. तासगावकडची, नऊवारी नेसलेली. निळा गाऊन तिनं उलटा घातला होता. नात झाली म्हणाली, आणि ओळख ना पाळख, नीलिमाच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. ती कोण, हे नीलिमाला माहीत नव्हतं. हा नियम कुणामुळं झाला, हे तिलाही माहीत नव्हतं. तेच बरं होतं.

दार उघडलं. विनोदिनी बाहेर आल्या, मास्क गळ्यात ओढला. "सगळं छान चाललंय. आता वेळ लागणार नाही. प्रियाबरोबर आत कोण येणार?"

सगळ्यांना माहीत होतं. तरी नीलिमा उठली नाही. तिचे हात गुडघ्यांवर होते, नजर दाराच्या कडीवर होती, आणि दाराबाहेर थांबायची इतक्या वर्षांची सवय तिच्या पायांत बसली होती. आतून प्रियदर्शनीचं कण्हणं आलं, मग तिचा धापा टाकणारा आवाज, कुणाला तरी विचारणारा, आल्या का त्या.

मुक्ताबाईनं सुनेच्या पाठीला कोपर लावलं.

"ऊठ गं," ती म्हणाली. "पुढच्या दारानं बोलावलंय."

नीलिमानं चपला बाकड्याखाली सारल्या, बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धुतले आणि ती आत गेली.